प्रत करणाऱ्यांचे ऋण

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्याच्या साष्टी प्रांतात राचोल येथे छापले गेले. गोव्यात छापखाना १५५६ साली आला होता. परंतु देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. पुढे १६४९ आणि १६५४ या साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या अडतीस वर्षांत निघाव्यात, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. तथापि त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कोठे शिल्लक असल्याचे ज्ञात नाही. छापखान्याने जे निर्माण केले ते सारे काळाच्या उदरात गडप झाले.

मग ‘ख्रिस्तपुराण’ आपल्या हाती आले कसे? ते आले हस्तलिखितांतून. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले आणि या भाषांतील लेखनावर कठीण दिवस आले. गोव्यातून कानडा प्रांतात स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये मात्र या पुराणाच्या हाताने उतरवलेल्या प्रती वाचल्या जात राहिल्या. जीर्ण झालेल्या प्रतीवरून कोणी तरी नवी प्रत करीत असे. अशाच प्रती एकमेकींशी ताडून जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा प्रकाशित केला. त्यानंतर जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरीतील हस्तलिखित आढळले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली, आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांनी संपादित केलेली आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली.

या इतिहासात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. १६१६ सालचा ग्रंथ इन्क्विझिशनच्या व धर्माधिकाऱ्यांच्या परवान्याने छापला गेल्याचा उल्लेख त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकातच होता. परवाना होता तो छापण्याचा, आणि तो सत्तेकडून मिळत असे. प्रत करण्यासाठी मात्र कोणाची परवानगी मागण्याची रीत नव्हती. कानड्यातील एखाद्या घरी रात्री दिव्याच्या उजेडात ओव्या उतरवून घेणाऱ्याला लेखकाचा वारस कोण, असा प्रश्न पडला नसेल. परवान्याने निघालेल्या प्रती नाहीशा झाल्या. विनापरवाना केलेल्या प्रतींनी ग्रंथ तारला.

मराठी वाङ्मयाला हे नवीन नाही. आपले संतसाहित्य प्रतींच्याच परंपरेतून आले आहे. आश्चर्य असे की, या परंपरेत मोकळीक होती आणि तिच्या मर्यादाही होत्या. अभंगाच्या अखेरीस येणारी कवीची नाममुद्रा हे श्रेय जपण्याचेच एक साधन होते. ज्याने अभंग गायिला, उतरवला, दुसऱ्या गावी नेला, त्याला कर्त्याचे नाव आपोआप सोबत न्यावे लागे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. त्यानंतर कोणी त्यात पदरची ओवी घालू नये, अशी सक्त सूचनाही त्यांनी दिल्याचे परंपरा मानते. प्रत खुशाल करा, पण भर घालू नका, असा हा दंडक. आजच्या कायद्याच्या भाषेत बोलायचे तर ही एक अट घातलेली खुली परवानगीच होय.

आपल्या उत्तर कोकणाचेही या परंपरेत स्थान आहे. गोव्याची साष्टी वेगळी आणि ठाणे–मुंबईची साष्टी वेगळी. मीरा-भाईंदर या दुसऱ्या साष्टीच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीकाठी वसले आहे. या साष्टी–वसई भागातील ख्रिस्ती समाजात फ्रान्सिस्को वाझ दे गिमारायन्श यांचे १६५९ सालचे दुःखसहनाचे पुराण प्रचलित होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापलेही गेले. १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली आणि येथील पोर्तुगीज सत्ता संपली. सत्ता गेली तरी पुराण टिकले, कारण ते म्हणणारे लोक येथेच होते.

छापण्याचा परवाना ही राजाची देणगी आहे, या कल्पनेच्या जागी छापण्याचा हक्क मुळात लेखकाचा आहे, ही कल्पना भारतात कायद्याच्या रूपाने आली ती १८४७ साली. कंपनी सरकारच्या त्या कायद्याने लेखकाच्या हयातीपर्यंत व त्यानंतर ७ वर्षे, किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक असेल तेवढे संरक्षण दिले. १९१४ च्या कायद्याने ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांपर्यंत गेली. स्वतंत्र भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ साली संमत होऊन २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यानेही ५० वर्षांची मुदत कायम ठेवली. १९४१ साली दिवंगत झालेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत होता. त्या सुमारास हालचाली झाल्या आणि १९९२ च्या दुरुस्तीने ५० ची मुदत ६० वर्षे झाली. ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून मोजतात.

या आकड्यांचा आपल्या वाचनाशी काय संबंध, ते उदाहरणांनी स्पष्ट होईल. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली निवर्तल्या. त्या वेळच्या मुदतीनुसार ‘स्मृतिचित्रे’ १९८७ च्या आरंभी मुक्त झाली. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे. ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून कोणालाही छापता येऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे निधन २५ जुलै २०२४ रोजी झाले. त्यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांवरील हक्क, वेगळी परवानगी दिली गेली नाही तर, २०८४ सालच्या अखेरीपर्यंत राहील. आज शाळेत जाणारे मूल तोवर सत्तरीकडे झुकलेले असेल.

लेखकाला हक्क मिळाला हे योग्यच झाले. मराठी लेखकाच्या पदरी आधीच फारसे काही पडत नाही. त्याच्या पुस्तकावर दुसऱ्याने धंदा करावा आणि त्याच्या विधवेने हात पसरावेत, ही स्थिती कोणालाही मान्य होणार नाही. महात्मा गांधींच्या भूमिकेतील बदल या बाबतीत बोलका आहे. १९१० साली ‘हिंद स्वराज’ची इंग्रजी आवृत्ती काढताना त्यांनी कोणतेही हक्क राखलेले नाहीत अशा अर्थाची नोंद तीवर घातली होती. पुढे १९४० च्या मृत्युपत्राने त्यांनी आपले हक्क नवजीवन संस्थेकडे दिले. मुदत भरल्यावर १ जानेवारी २००९ रोजी त्यांचे साहित्य मुक्त झाले. हक्क राखणे आणि हक्क सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने विचारपूर्वक केल्या. निर्णय त्यांचा स्वतःचा होता, हे येथे महत्त्वाचे.

अडचण उत्पन्न होते ती निर्णयच न घेतल्यामुळे. प्रताधिकारासाठी नोंदणीची गरज नसते. कागदावर शब्द उमटला की हक्क निर्माण होतो, मग लेखकाला तो हवा असो वा नसो. ज्या पुस्तकाला बाजार आहे त्याची काळजी प्रकाशक घेतो. ज्याला बाजार नाही त्याचे काय? आणि आपल्या समाजाचे बहुतेक लेखन या दुसऱ्या वर्गात मोडते.

मीरा-भाईंदर नगरपालिका १९८५ साली अस्तित्वात आली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. उत्तन, डोंगरी, पाली, चौक, राई, मुर्धा, मोर्वा, भाईंदर ही गावे आता या विस्तीर्ण शहराचे भाग आहेत. अशा गावांचा लिखित इतिहास मोठ्या ग्रंथांत क्वचितच सापडतो. तो असतो चर्चच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, पतपेढीच्या अहवालातील एखाद्या लेखात, सणाच्या वेळी बसवलेल्या नाटकाच्या वहीत, कोणा शिक्षकाने जमवलेल्या बोलीभाषेच्या शब्दयादीत, लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणताना म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांच्या टिपणात. ही गाणी कोणा एकाची नसल्यामुळे त्यांवर कोणाचा प्रताधिकार नाही. परंतु त्यांचे ध्वनिमुद्रण निघाले की त्या मुद्रणावर प्रकाशनापासून ६० वर्षे हक्क राहतो. स्मरणिकेतील प्रत्येक लेखाचा हक्क, तो दुसऱ्याला लेखी दिलेला नसल्यास, त्या त्या लेखकाचा. संपादक मंडळ विखुरलेले, लेखक दिवंगत, मुले परदेशी. पाचशे प्रती छापलेल्या स्मरणिकेची एकच प्रत कोणाच्या तरी माळ्यावर वाळवीची वाट पाहत असते. ती पुन्हा छापावी, संगणकावर सर्वांना वाचता यावी असे वाटणाऱ्याने परवानगी मागावी तरी कोणाकडे?

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच दुर्लक्ष केलेले नाही. लेखक मृत, अज्ञात किंवा शोधूनही न सापडणारा असेल आणि साहित्य लोकांपासून दडलेले राहिले असेल, तर कलम ३१-अ नुसार सक्तीचा परवाना मागता येतो. पण त्यासाठी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आधी आपला प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि मग न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. साठ पानांच्या स्मरणिकेसाठी हा खटाटोप कोण करणार? त्या जाहिरातीच्या खर्चात स्मरणिका कित्येकदा छापून होईल.

हा पेच केवळ आपला नव्हे. अमेरिकेत १९९८ साली प्रताधिकाराची मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली गेली, तेव्हा जुनी पुस्तके संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून देणारे एरिक एल्ड्रेड न्यायालयात गेले. त्यांची बाजू प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी मांडली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पण त्यापूर्वीच, २००१ साली, लेसिग, एल्ड्रेड, हॅल अ‍ॅबेलसन आदींनी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाची संस्था स्थापली होती आणि डिसेंबर २००२ मध्ये तिने आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. कायदा बदलत नसेल तर त्याच्याच चौकटीत लेखकाने स्वतः, आगाऊ आणि सर्वांना उद्देशून परवानगी लिहून ठेवावी, अशी ही कल्पना. या परवान्यांची भारतीय आवृत्ती २६ जानेवारी २००७ रोजी आपल्या जवळच, पवईच्या आय. आय. टी.मध्ये सादर झाली.

परवान्याचे घटक चार आहेत. पहिला, श्रेय: कर्त्याचे नाव दिलेच पाहिजे. दुसरा, समवाटप: माझ्या लेखनावर बेतून काही नवे केलेत तर तेही याच अटीवर इतरांना द्या. तिसरा, अव्यापार: धंद्यासाठी वापरू नका. चौथा, अबदल: जसे आहे तसेच द्या, फेरफार केलेली आवृत्ती प्रसृत करू नका. लेखक यांतील हव्या त्या अटी निवडतो. दुसरी आणि चौथी मात्र एकत्र नांदू शकत नाहीत, कारण जेथे बदलच नाही तेथे बदललेल्याचे वाटप कसले? अभंगाची नाममुद्रा आणि एकनाथांचा दंडक ज्याने जाणला आहे, त्याला यांतील पहिली आणि चौथी अट परकी वाटण्याचे कारण नाही.

अशा परवानगीने काय घडते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड सिद्ध केले होते. त्यांची पृष्ठसंख्या साडेतीन हजारांहून अधिक. अनेक विद्वानांच्या श्रमांचे हे फळ ग्रंथालयांच्या कपाटांत होते. सप्टेंबर २०१३ मध्ये विद्यापीठाने हा विश्वकोश श्रेय आणि समवाटप या दोन अटींवर सर्वांना खुला केला. त्यातील मजकूर घेणे, सुधारणे, त्यात नवी माहिती जोडणे हे कोणाही कोंकणी लेखकाला उघडपणे करता येऊ लागले. २०१५ साली कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला, तेव्हा त्याच्या लेखकांच्या हाताशी हा साठा होता. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि २००९ पासून विकिपीडियाचा सर्व मजकूर याच दोन अटींवर दिला जातो. एखादे पुस्तक संगणकावर फुकट वाचायला मिळणे आणि त्याची प्रत करण्याची मुभा असणे, यांतील भेदही येथे ध्यानात घ्यावा. पहिल्यात वाचकाची सोय होते. ग्रंथाचे आयुष्य वाढते ते दुसऱ्यामुळे. ज्या एका ठिकाणी तो ठेवला आहे ते ठिकाण बंद पडले, तर केवळ वाचण्याची मुभा असलेला ग्रंथही राचोलच्या छापील प्रतींच्या वाटेने जातो.

खुल्या परवान्याविषयीचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप मोबदल्याचा. ज्याचे घर लेखणीवर चालते त्याने आपले चालते पुस्तक खुले करावे, असे कोणी म्हणू नये. पण ज्या लेखनापासून कधी उत्पन्न झाले नाही आणि होणारही नाही, ते राखून ठेवून कोणाचे हित साधते? दुसरा आक्षेप विपर्यासाचा. धर्मविषयक लेखनात तो विशेष गंभीर आहे. ज्याला ही भीती वाटते त्याने चौथी अट घालावी. शिवाय आपल्या कायद्याचे कलम ५७ लेखकाचे नाव आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विपर्यासाविरुद्धचा हक्क सांभाळते. तिसरी बाब सावधगिरीची. असा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, आणि जे आपले नाही ते खुले करता येत नाही. प्रकाशकाला लिहून दिलेले पुस्तक, दुसऱ्याने काढलेले छायाचित्र, हयात लेखकाच्या ग्रंथाचा अनुवाद, यांबाबत आधी विचारणा करणे अगत्याचे आहे. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीलाही हेच लागू होते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्या सर्वांच्या आहेत, १९९६ च्या आवृत्तीतील संपादकीय परिश्रम मात्र संरक्षित आहेत.

आता एका व्यावहारिक मुद्द्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. अनेक सद्भावी लेखक पुस्तकाच्या आरंभी ‘कोणीही छापावे’ असे लिहून मोकळे होतात. हेतू उदार, पण शब्द अपुरे. आपल्या कायद्याच्या कलम १९ मधील नियम कलम ३०-अ मुळे परवान्यांनाही लागू होतात. त्यांनुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. सर्वांना कायमचे दिले असे समजून केलेले दान सहाव्या वर्षी वादात सापडू शकते, आणि आखातात किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्याच नातवंडांपर्यंत पोहोचत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत मुदत आणि प्रदेश दोन्ही नमूद केलेले असतात, हा त्यांचा मोठा उपयोग.

तेव्हा ज्यांना आपले लेखन खुले करावयाचे आहे, त्यांनी पुढील आशयाचे वाक्य पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर घालावे: ‘हे लेखन माझे आहे. माझे नाव देऊन, याच अटीवर, ते जगात कोठेही, प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीपर्यंत, कोणालाही छापता, उतरवता, प्रसारित करता व त्यावर आधारित नवे लेखन करता येईल. परवाना: क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय–समवाटप, आवृत्ती ४.०.’ बदल नको असल्यास ‘श्रेय–अबदल’ असे लिहावे आणि नव्या लेखनाविषयीचे शब्द गाळावेत. स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी लेख मागवतानाच लेखकाकडून असे पत्र सहीसह घ्यावे आणि ते चर्चच्या किंवा मंडळाच्या दप्तरी ठेवावे. जुन्या स्मरणिकांचे जे लेखक आज वार्धक्यात आहेत, त्यांच्याकडे तर याच वर्षी जावे. त्यांच्या पश्चात हे काम कैक पटींनी अवघड होईल, कारण एका सहीच्या जागी सर्व वारसांच्या सह्या लागतील आणि त्या गोळा होईपर्यंत माळ्यावरची प्रत उरलेली असेलच, याची शाश्वती नाही.

‘ख्रिस्तपुराण’ उतरवून घेणाऱ्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी केलेल्या कामासाठी आजच्या माणसाला लेखकाची परवानगी लागते, आणि ती देणारे लेखक आपल्या गावांत अजून हयात आहेत.